चेंडू अजून आभाळात आहे

फाल्गुनात कृष्णाकाठचं ऊन पिवळं होत नाही. हळद पिवळी होते, आणि ऊन तिच्याकडून रंग मागून घेतं.

शिजलेली, निथळलेली, अंगातली वाफ सोडून शांत झालेली हळद मैदानभर पसरलेली असते. सुवर्णवर्णा, भूगर्भजा, मातीच्या बोटांसारखी हळद. वारा तिच्या अंगावरून सरकतो, आणि पुढच्या गावी पोचेपर्यंत स्वतःला नवरदेव समजू लागतो.

मैदान कॉलेजचं. पण चाळीस वर्षांपूर्वी गावाने जमीन दिली तेव्हा एक अट घातली होती: माघ-फाल्गुनात निम्मं मैदान हळद वाळवायला मोकळं ठेवायचं. कॉलेजने आनंदाने सही केली. त्या निम्म्या मैदानाला पुढे कधी बेसबॉलच्या भाषेत राइट फील्ड, उजवी बाजू, म्हणतील, हे तेव्हा ना गावाला ठाऊक होतं, ना कॉलेजला, ना हळदीला.

त्या राइट फील्डात, पिवळ्या समुद्राच्या काठावर, एकटा दीपस्तंभ उभा असावा तसा धनपाल चौगुले उभा असे. फरक एवढाच, की दीपस्तंभाचा कुणाला तरी उपयोग होतो.

तीन वर्षांत त्याच्याकडे एक्केचाळीस चेंडू आले होते. एक्केचाळीसही निघून गेले. काही डोक्यावरून, काही पायांमधून, एक शर्टाच्या बाहीतून. त्याने एकही झेल घेतला नव्हता, आणि एकाही चेंडूवर राग धरला नव्हता. सुटलेल्या प्रत्येक चेंडूकडे तो असा पाहायचा, जणू त्याने घरी येऊन निदान दार तरी वाजवलं.

बेसबॉलला नऊ माणसं लागतात. तीन वर्षांपूर्वी कॉलेजात आठच उरली होती. कबड्डीने नको म्हटलेला, खो-खोने हसून परत पाठवलेला, नाटकाच्या तालमीत झाड म्हणून उभा केला असता हललेला धनपाल तेव्हा नोटीस बोर्डासमोर उभा होता. क्रीडाशिक्षक शिकलगार सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू नववा," सर म्हणाले.

एवढेच दोन शब्द. पण मनुष्याच्या आयुष्यात असे दोन शब्द क्वचित येतात. आपण नसलो तर खेळच होत नाही, अशी जगाच्या पाठीवर एक तरी जागा आहे, या जाणिवेने धनपालच्या छातीत त्या दिवशी जो दिवा लागला, तो एक्केचाळीस चेंडूंच्या वाऱ्यानेही विझला नव्हता.

हळदीच्या काठाला हौसाक्का असायची. सहा बायांतली एक, त्यांची मुकादम, साठीची, कोपरापर्यंत पिवळी. दिवसातून तीनदा त्या सहाजणी हळद परतायच्या आणि उरलेल्या वेळात बेसबॉल बघायच्या. या खेळाचे पृथ्वीतलावर या कॉलेजापुरते तेवढेच प्रेक्षक. नियम त्यांना कुणी सांगितले नव्हते, म्हणून त्यांनी आपले आपण तयार केले होते, आणि खरं सांगायचं तर ते जास्त सोपे होते. चेंडूला त्या अंडं म्हणायच्या. अंडं हळदीत पडलं की पदराला पुसून परत द्यायच्या.

"आरं धनपाल," हौसाक्का ओरडायची, "त्यो चेंडू हाय, पाव्हणा न्हाई! हात जोडून वाट काय सोडतोस?"

"आक्का, उद्या धरतो."

"उद्या, उद्या! तुझ्या उद्याला मिशा आल्या बघ!"

आणि धनपाल हसत वाकून चेंडू घ्यायचा. पिवळा झालेला, उबदार, हळदीच्या वासाचा चेंडू. नमस्कार करून घ्यायचा, प्रसाद घ्यावा तसा.

या संघाची एक रीत होती. इतर संघ सरावानंतर मैदानाला फेऱ्या मारतात. हा संघ ताडपत्री ओढायचा. हळदीच्या उपकाराची फेड म्हणून सरांनीच घालून दिलेली रीत. रोज सूर्य कलला की नऊजण नऊ टोकांना धावत, निळ्या ताडपत्र्या लाटांसारख्या उलगडत, आणि चार मिनिटांच्या आत अख्खी हळद झाकून टाकत. दव नको लागायला. फलंदाजीत संघ यथातथा होता, गोलंदाजीत दयाळू होता. पण ताडपत्रीच्या बाबतीत, अतिशयोक्ती वगळूनही, अजिंक्य होता. दुर्दैवाने ताडपत्रीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरत नाहीत.

मग, हळद अर्धी वाळली असताना, पत्र आलं.

पांढरं पत्र होतं. त्या पिवळ्या गावात तेवढं एकच पांढरं. व्यवस्थापन समितीने ठराव केला होता: सहा वर्षांत एकही विजय नाही, प्रेक्षक नाहीत, सबब, हंगामातला अखेरचा सामना संपताक्षणी बेसबॉल संघ विसर्जित समजावा.

विसर्जित. गणपतीला वापरतात तो शब्द. पण गणपती पुढल्या वर्षी येतो.

प्राचार्य उपाध्ये स्वतः मैदानावर आले. बूट हळदीने पिवळे होऊ नयेत म्हणून काठाकाठाने चालत आले, आणि तरी पिवळे झाले. "माझ्या हातात फार नाही, सर," ते शिकलगार सरांना म्हणाले. "पण शेवटचा सामना जिंकलात, तर मी समितीपुढे पुन्हा उभा राहीन. तोंड उघडायला काहीतरी द्या मला."

"आन् परेक्षक न्हाईत म्हंजे?" हौसाक्काने हळदीतूनच विचारलं. "आमी काय बुजगावणी हाय व्हय?"

प्राचार्यांनी टोपी नव्हती तरी काढल्यासारखं केलं, आणि गेले.

त्या संध्याकाळी हळद झाकून झाल्यावर कुणी घरी गेलं नाही. कॅप्टन आदगोंडा पाटील, ज्याला एरवी शांत बसवायला दोन माणसं लागत, तो ताडपत्रीची एकच गाठ पुन्हा पुन्हा बांधत होता. इलाही मुजावर, कॅचर, जाळीचा मुखवटा मांडीवर घेऊन त्याच्याशी काही बोलत होता. धनपाल एकटा राइट फील्डात गेला आणि आपल्या जागेवर उभा राहिला. तिथलं गवत दोन पावलांच्या आकाराने झिजलं होतं. तीन वर्षांत जगावर त्याने उमटवलेला तो एकमेव ठसा. तो त्या ठशाकडे पाहत राहिला, आणि त्याला रडू यायच्या ऐवजी, का कोण जाणे, आभार मानावेसे वाटले.

"निदान माझी जागा होती," तो हळदीला म्हणाला.

हळद तशी कमी बोलते.

अखेरच्या सामन्याचा दिवस उजाडला तो तांबूस, तापलेला, श्वास रोखलेला. पलीकडच्या तालुक्याचा संघ ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आला. तीही हळदीच्याच गावांतली मुलं. हातांवरच्या रेषा पिवळ्या. अंपायर होते गुळवणी मास्तर, निवृत्त संस्कृत शिक्षक, ज्यांना बेसबॉलचे नियम पाठ होते, आणि जे ते सूत्रांसारखे म्हणत. प्राचार्य खुर्ची घेऊन बसले. सहा बाया हळदीच्या कडेला ओळीने बसल्या, आणि हौसाक्काने त्यांना दम दिला, "आज परतायचं काम डोळ्यांनी करायचं. उठायचं न्हाई."

नाणेफेकीने आधी फलंदाजी कॉलेजच्या संघाला मिळाली. आणि त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. आदगोंडाची बॅट चेंडूला सापडली. इलाहीच्या हातून काही निसटलं नाही. डावामागून डाव पिकत गेले, आणि नवव्या डावाच्या उत्तरार्धात, सहा वर्षांत कधी नव्हे ते, हा संघ एका धावेने पुढे होता. पाहुण्यांचे दोन बाद. दोन खेळाडू बेसवर, धावेच्या वाटेवर. एक गडी, फक्त एक गडी.

तेव्हा नैर्ऋत्येला एक ढग उगवला. जांभळा, जलभारमंथर, कृष्णेच्या डोहाच्या रंगाचा अवकाळी ढग. तो कुणी पाहिला नाही. सगळे चेंडूकडे पाहत होते.

पाहुण्यांच्या उंच फलंदाजाने बॅट फिरवली. आवाज असा आला की देवळातला पारवा उडाला.

चेंडू चढला. घरांच्या वर, वडाच्या वर, कॉलेजच्या घड्याळाच्या वर, जिथे नेहमी सव्वापाच वाजलेले असतात. पांढरा बिंदू जांभळ्या ढगात शिरला. आणि तो कुठे उतरणार हे मैदानावरच्या प्रत्येकाला एकाच क्षणी, एकसारख्या भीतीने कळलं.

राइट फील्ड.

"धनपाल!" आदगोंडा किंचाळला. "तुझा! तुझाच!"

धनपालने हात वर केले. बेचाळिसावा. झेलला तर विजय, संघ, पुढचं वर्ष, झिजलेल्या गवताची ती दोन पावलं. सुटला तर पांढरं पत्र. त्याने मान वर केली, डोळे मोठे केले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला चेंडू स्पष्ट दिसला. सरळ येत होता. घरी येत होता.

आणि त्याच्या कपाळावर एक थेंब पडला.

एकच. थंड, जाड, पैशाएवढा थेंब.

मागे हौसाक्का बसली होती. तिने थेंब पाहिला होता. सहाही जणींनी पाहिला होता. पंधरा दिवस उन्हात परतलेली, आता साठवणीत जायची तेवढी राहिलेली हळद मागे उघडी पडली होती; आणि सहाजणी ओठ दाबून बसून होत्या. उठायचं न्हाई, असं ठरलं होतं ना. कुणी हाक मारली नाही. धनपालने ती न मारलेली हाक ऐकली.

त्याने चेंडूकडे पाठ फिरवली आणि ताडपत्रीचं टोक धरलं.

यात शौर्य नव्हतं, विचारही नव्हता. तीन वर्षांच्या संध्याकाळी त्याच्या हातांत होत्या, एवढंच. आणि ताडपत्रीचं एक टोक उचललं गेलं, की उरलेली आठ टोकं आठ माणसांना ओढतात. आदगोंडा धावला. इलाही मुखवट्यासकट धावला. चेंडू टाकणाऱ्या पिचरने चेंडू नसलेला हात झटकला आणि धावला. बेसवरचे पाहुणे धावतच होते. त्यातला पहिला होमपासून, म्हणजे धावेपासून, चार पावलांवर आला, त्याने आभाळाकडे पाहिलं, हळदीकडे पाहिलं, "आयला," म्हणाला आणि काटकोनात वळला. दुसरा त्याच्या मागून. फलंदाजाला तर दुसरा बेस वाटेत लागलाच नाही. शिकलगार सर धावले. प्राचार्यांनी खुर्ची डोक्यावर घेतली, मग खुर्चीचं काय करायचं ते न कळून ती ताडपत्रीवर ठेवली, वजन म्हणून, आणि स्वतःही बसले.

तीन मिनिटं, दहा सेकंद. संघाचा विक्रम.

मग आभाळ फुटलं.

निळ्या ताडपत्रीवर पाऊस ताशासारखा वाजला. खाली हळद कोरडी होती. वर दोन संघ, सहा बाया, एक प्राचार्य ओलेचिंब बसून होते, आणि सगळे मूर्खासारखे हसत होते. हौसाक्का हसत नव्हती. तिने धनपालचा ओला चेहरा आपल्या पिवळ्या हातांत धरला. पाऊस थांबेपर्यंत धरून ठेवला. लग्नाआधीच त्याला हळद लागली.

"आता," पाऊस थांबल्यावर प्राचार्य जड आवाजात म्हणाले, "चेंडू कुठे पडला?"

शोधलं. ताडपत्र्या काढल्या, वाफे पाहिले, गटार पाहिलं. हळदीचे गोल गोल हजार गड्डे, आणि त्यांत कुठे तो एक. सापडला नाही.

सगळे गुळवणी मास्तरांकडे वळले. मास्तरांनी चष्मा पुसला. तो ओल्या सदऱ्याने पुसल्यामुळे अधिकच धूसर झाला, आणि त्यांची दृष्टी, असं म्हणतात, तेव्हाच स्वच्छ झाली.

"चेंडू जमिनीला टेकलेला कुणी पाहिला?"

कुणीच नाही.

"कुणाच्या हातात गेलेला पाहिला?"

नाही.

"मग मी कोणत्या आधारे निर्णय देऊ? माझ्या दृष्टीने तो अजून वरच आहे."

"म्हणजे सामना...?" प्राचार्यांनी विचारलं.

"चालू आहे."

प्राचार्यांनी आभाळाकडे पाहिलं. ठराव त्यांना पाठ होता: सामना संपताक्षणी. त्यांच्या ओल्या मिशीखाली काहीतरी हललं. "मग नाइलाज आहे," ते म्हणाले. "समितीला तसं कळवावं लागेल." आणि नाइलाज झालेला माणूस इतक्या हलक्या पावलांनी जाताना गावाने पहिल्यांदाच पाहिला.

सामन्यानंतर नवव्या दिवशी हौसाक्काने हळद निवडताना तो काढला. गड्ड्यांतला गड्डा, पिवळा, गुळगुळीत. तिने इकडे तिकडे पाहिलं. पेवाच्या तोंडाशी धनपाल हळदीच्या पाट्या देत उभा होता. पेव म्हणजे भूमीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली खोलीएवढा अंधार. हळद आत उतरवून तोंड मातीने बंद केलं, की ती वर्षानुवर्षं तशीच राहते.

"धनपाल!" ती म्हणाली, आणि तिने तो खालून, हलकेच, उडवला.

त्याने पकडला.

दोन्ही हातांत, छातीशी, डोळे मिटून. बेचाळिसावा. जगातला सगळ्यात सोपा झेल, आणि त्याचा पहिला. मग त्याने डोळे उघडले, आणि दोघांनाही एकदमच उमगलं: चेंडू जमिनीला टेकलेलाच नव्हता. हळदीत पडला, हळदीतून हातात, हातातून हातात. तो मास्तरांकडे धावत गेला तर फलंदाज बाद. विजय. नाव. आणि सामना संपला.

"जा की," हौसाक्का हळूच म्हणाली. "सांग जा. तू धरलंस."

धनपालने चेंडू नाकाशी नेला. उन्हाचा, मातीचा, तीन वर्षांचा वास. त्याचे डोळे भरून आले आणि तो हसला. ज्याला सगळं आधीच मिळालेलं असतं, तो माणूस असा हसतो.

"तुम्ही पाहिलंत ना, आक्का?"

"पायलं."

"मग झालं."

आणि त्याने चेंडू पाटीत ठेवला, पाटी पेवात रिती केली. वर हळद पडली, हळदीवर हळद, हळदीवर पाला, पाल्यावर माती.

आता रोज सराव होतो, सूर्य कलतो, ताडपत्र्या उलगडतात. सामना चालू आहे. पलीकडच्या तालुक्याचा फलंदाज सवड मिळेल तसा येतो आणि पहिल्या व दुसऱ्या बेसच्या मध्ये थोडा वेळ उभा राहून जातो. राइट फील्डात, झिजलेल्या गवतावर, नववा उभा असतो. अधूनमधून तो मान वर करतो, आभाळाला हात जोडतो, आणि हौसाक्का त्याला हसत नाही.

वर आभाळ. आभाळाखाली मैदान, मैदानावर नऊ माणसं. मैदानाखाली माती, मातीत पेव, पेवात अंधार, अंधारात हळद. आणि हळदीच्या कुशीत एक पांढरा चेंडू, पिवळा होत, पिवळा होत, अजून चढतो आहे, अजून चढतो आहे, खाली यायची त्याला काहीच घाई नाही.