एका डिस्कमध्ये आई

"आई श्वास घेतेय," दादा फोनवर म्हणाला.

बारक्या दुकानात एका लग्नाची डिस्क छापत बसला होता. त्याला वाटलं, लाइन खराब आहे. "काय घेतेय?"

"श्वास! तू पाठवलेली डिस्क समोर लावलीय. तिच्या छातीवरची चादर वर-खाली होतेय, चांगली दिसतेय मला. तुम्ही दोघांनी काय केलंत रे त्या दिवशी? अक्का म्हणाली 'गेली' आणि तू मान डोलावलीस? जिवंत बाईला उचललंत?"

बारक्याच्या हातातली डिस्क खाली पडली. नशीब, नुकती छापलेली ओली बाजू वर होती.

तीन भावंडं. दादा थोरला, समुद्रापलीकडे मोठ्या हुद्द्यावर. अक्का मधली, आईला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं यातच तिची वर्षं गेली आणि तिचं लग्न करायचं कुणाला आठवलंही नाही. आणि शेंडेफळ हा बारक्या. जुन्या टेपांच्या डीव्हीडी करून देतो म्हणून गल्लीत त्याला चकतीवाला म्हणत.

आई गेली तेव्हा दादाला सुट्टी मिळाली नाही. मेव्हण्याच्या लग्नाला मिळाली होती, पण ते असो. त्यानं हुकूम सोडला, "नेईपर्यंतचं सगळं शूट कर. मला तिला बघायचंय." बारक्यानं खोलीच्या कोपऱ्यात कॅमेरा उभा केला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसला. आत बघवत नव्हतं. टेप संपली की मान खाली घालून जायचा, नवी घालायचा, परत पायरीवर. अशा चार टेपा झाल्या. दादानं पुढं कित्येक वर्षं त्यांचं नावही काढलं नाही. टेपांना बुरशी धरतेय म्हटल्यावर त्याला एकदम मातृप्रेमाचा उमाळा आला. "डीव्हीडी करून पाठव. एक सेकंदही कापायचा नाही. आणि एकाच डिस्कवर हवं, मला कपाटात पसारा नको."

उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? एका तासाच्या टेपची कच्ची फाइल तेरा जीबी. चार टेपांच्या झाल्या बावन्न. डिस्कवर जागा जेमतेम साडेचार. बारक्यानं दाबलं, पिळलं आणि बसवलं एकदाचं.

फोन ठेवतोय तोवर अक्का दुकानात आली. ओले हात, पायात दोन वेगळ्या चपला.

"मला म्हणाला, तू खून केलास," ती म्हणाली. स्टुलावर बसली. "नुसतं तेवढंच म्हणाला आणि ठेवला."

"त्याच्या बापाला कळतंय का काही?"

"त्याचा बाप तोच तुझाही बाप होता."

"अक्का, ते कॉम्प्रेशन आहे गं! इकडे बघ." दादाला पाठवलेल्या डिस्कची दुकानात ठेवलेली प्रत त्यानं मशीनमध्ये घातली. "हे मशीन म्हणजे एक नंबरचं कामचुकार. प्रत्येक चित्र पूर्ण लिहितच नाही. एकदा अख्खं चित्र लिहितं, मग पुढं फक्त काय हललं तेवढंच. भिंत मघाचीच आहे ना? मग लिहायची कशाला? असं करून जागा वाचवतं. पण मधूनमधून त्याला अख्खं चित्र नव्यानं लिहावंच लागतं. जागा कमी असली की ते घाईत लिहितं, गिचमिड. आधीच्या गिचमिडीशी नवी गिचमिड जुळत नाही. म्हणून सगळं चित्र जरासं फुगतं, परत बसतं. आईचं सोड, भिंत बघ. घड्याळ बघ."

अक्कानं डोळे बारीक केले. भिंत हलकेच फुगत होती, परत बसत होती. औषधांच्या बाटल्या, पडदा, बंद पंखा, सगळी खोली मिळून धापा टाकत होती.

"अगं बाई," ती म्हणाली, "म्हणजे भिंतही जिवंतच उचलायची राहिली की आपली." आणि ती हसली. फार दिवसांनी हसली. बारक्याही हसला.

तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण दादाच्या नाकावर टिच्चून दाखवायची खुमखुमी! तो म्हणाला, "आता गंमत बघ. पहिल्या टेपला एकटीला अख्खी डिस्क देतो. भरपूर जागा. फुगणं बंद. तीच पाठवतो त्याला, बसेल गप्प."

"राहू दे ना."

"का राहू दे? तुला खुनी म्हणालाय तो!"

"म्हणू दे. भिंत दाखव म्हणावं."

ऐकेल तर तो बारक्या कसला. त्यानं कच्ची फाइल मशीनला घातली आणि सांगितलं, लागेल तेवढी जागा घे. चहा मागवला. एका बंद खोलीचं चित्र, काहीच हलत नाही. फाइल इवलीशी व्हायला हवी. पण ती वाढत चालली. नाचगाण्याच्या टेपसारखी वाढत चालली. जुन्या टेपांत बारीक वाळू उडाल्यासारखी खरखर असते, मशीन तिलाच हालचाल समजतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं खरखर पुसून काढली, परत सुरू केलं. फाइल जराशी उतरली. म्हणावी तशी नाही.

"एवढी जागा कशाला लागतेय तिला?" तो पुटपुटला.

अक्का चहाच्या कपात बघत होती.

झालं एकदाचं. त्यानं लावलं.

भिंत गपगार. घड्याळाचे काटे तेवढे सरकत होते. बाटल्या जागच्या जागी, पडदा सरळ, पंख्याची पाती स्थिर. पलंगाच्या कडेला डोकं टेकून खुर्चीत अक्का झोपली होती. किती रात्रींची झोप होती कुणास ठाऊक. तिची पाठ संथ वर-खाली होत होती.

आणि चादर.

"तुझा हात आहे ना चादरीवर," बारक्या भरभर बोलला. "तू श्वास घेतेस, हात हलतो, चादर ओढली जाते. बघ, सोपं आहे."

"हं."

पण पाठीची लय वेगळी होती. चादर वर जायची, तिथंच अडकायची. इतका वेळ अडकायची की बघणाऱ्याची छाती दुखावी. मग एक हिसका देऊन खाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही. ती लय घरातल्या दोघांनाही पाठ होती. शेवटच्या महिन्यांत शेजारच्या खोलीतही ती ऐकू यायची, आणि मधली शांतता लांबली की अक्का ताडकन उठायची.

पडद्यावरची अक्का जागी झाली. हात काढून घेतला, तोंडावरून फिरवला, उठून बाहेर गेली. खोलीत हलायला कुणी उरलं नाही.

चादर वर गेली.

बारक्याला डॉक्टर आठवला. उंबऱ्यातूनच वाकून बघून गेला होता तो. खाली गाडी भलत्या जागी लावलीय म्हणून घाईत होता, सही मात्र झोकदार केली. आणि स्वतः बारक्या? कॅमेऱ्यातनं सगळ्यांची लग्नं लावणारा, त्या दिवशी त्यानं एकदाही त्या भिंगाला डोळा लावला नव्हता.

टेबलावर उरलेल्या तीन टेपा होत्या. कुठल्या टेपेत चादर थांबते, थांबते तरी का, हे त्यांत होतं. त्याचा हात तिकडं गेला.

"ठेव त्या," अक्का म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजी ठेव म्हणावं तसा.

"अक्का, तुला..."

"मी हात लावून पाहिला होता, बारक्या. नाकापाशी. गार होती. मला वाटलं, सुटली." मग कप खाली ठेवून, "मला वाटलं, मी सुटले. हेही वाटलं. आता लिही कुठं लिहायचं ते."

फोन वाजला. दादा.

"बघितलंस? काय म्हणणं आहे तुझं?"

बारक्यानं अक्काकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती.

"दादा, डिस्क चालू आहे ना? भिंत बघ."

"भिंतीचं काय?"

"बघ तर. घड्याळ बघ. बाटल्या बघ."

पलीकडून खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. मग, "अरे, हो की. सगळंच हलतंय."

"तुला एकाच डिस्कवर हवं होतं. चार तास कोंबले की असंच होतं. तिथं सगळंच श्वास घेतं."

"मग नीट करून पाठव ना. दोन डिस्क झाल्या तरी चालतील. चार होऊ देत. मी पैसे..."

"टेपा गेल्या. बुरशी."

"चारही?"

"चारही."

दादानं सुस्कारा सोडला. सुटल्याचा. "अक्काला सांग, मी जरा जास्तच बोललो."

"तू सांग," बारक्या म्हणाला आणि ठेवला. आता जन्मभर त्या गिचमिडीलाच आई म्हणायचं. बरोबर आहे, दादाला तेवढीच हवी होती, कपाटात मावेल एवढी.

पण इकडं नीट केलेली आई चालूच होती. अक्का स्टूल ओढत ओढत पडद्यापाशी गेली होती. चादर अडकली की तिचाही श्वास अडकायचा, उतरली की उतरायचा. तिनं दोन्ही हात पुढं केले, एक खांद्याखाली घालावा तसा, एक कमरेखाली.

"तिला त्या कुशीवर करायला हवं रे," ती म्हणाली. "असं उताणं ठेवलं की दम लागतो तिला. धर जरा तिकडून."

बारक्या उठला नाही. त्याचं बोट बंद करायच्या बटणावर होतं. आता बंद करू, त्यानं ठरवलं. चादर खाली आली की लगेच. वर असताना नको.

चादर वर होती. ती दोघं वाट बघत बसली.