जिन्यातला दिवा विझेना

सगुणा आणि मैना या सख्ख्या जावा. रत्नागिरीत एकाच इमारतीत राहायच्या, सगुणा तिसऱ्या मजल्यावर, मैना दुसऱ्या. नऊ वर्षांपूर्वी गच्चीवर मैनेच्या ओल्या चादरीचं पाणी सगुणेने वाळत घातलेल्या फणसाच्या साठांवर, म्हणजे फणसपोळ्यांवर ठिबकलं, तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. नवरे मात्र रोज एकत्र चहा प्यायचे.

जिन्याला खिडकी नव्हती. भरदुपारीही काळोख. बटण दाबलं की दीड मिनिट दिवा लागायचा आणि आपोआप विझायचा. दोघी समोरासमोर आल्या की मैना भिंतीवरचे मीटर वाचायची, सगुणा पदर नीट करायची. दिवा विझला की एक कठड्याकडून, दुसरी भिंतीकडून निघून जायची. नऊ वर्षांत एकदाही धक्का लागला नव्हता.

गेल्या महिन्यात बटणं अडकायला लागली, म्हणून सोसायटीने या रविवारी ती काढून कमी विजेचे एलईडी दिवे लावले. ते कायम चालू.

सोमवारी अकराच्या सुमारास मैना बांगडे घेऊन वर येत होती, सगुणा खाली उतरत होती. दोघी थांबल्या. मैनेने मीटर वाचले. सगुणेने पदर नीट केला. मैनेने मीटर पुन्हा वाचले. दिवा चालूच. पिशवीतलं पाणी पायरीवर गळायला लागलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी स्वरूप भाटकर दोघींच्या मधून वर निघाले.

"हे विझत नाहीत होय?" सगुणेने त्यांना विचारलं.

"पंधरा हजार तास चालतात, काकू," ते अभिमानाने म्हणाले आणि गेले.

तेवढं थांबणं दोघींनाही शक्य नव्हतं. सगुणेने मैनेकडे सरळ पाहिलं. केस पांढरे झाले होते. गुडघ्याला पट्टा होता.

"गुडघ्याला काय झालं गो?"

"झिजलाय. दोन वर्षं झाली."

"मला कोणी सांगितलं नाही."

"भावोजींना माहीत आहे."

"ते कधी काय सांगतात!"

सगुणेला राग आला होता. कोणाचा, ते तिलाही कळेना. तिने मैनेच्या हातातली पिशवी घेतली आणि मागे फिरून वर चढू लागली.

मैनेच्या स्वयंपाकघरात तिने विळी मागून घेतली. साठांचा विषय निघालाच. चादर मुद्दाम वाळत घातली नव्हती, असं मैना म्हणाली. मुद्दामच घातली होती, असं सगुणा म्हणाली. तोवर सहा बांगडे साफ झाले.

"आमच्या शमिकाचं लग्न ठरलंय," मैना म्हणाली.

"कळलं. मुलगा काय करतो?"

"बोटीवर असतो. आठ-आठ महिने."

"म्हणजे घरी कमीच," सगुणा पुढचा बांगडा उचलत म्हणाली. "चांगलं स्थळ आहे."