माझ्या वाटीत शेव नको

सहा स्थळांना मी पोहे दिले. ट्रे घेऊन आत यायचं, मान खाली, आणि पाहुणे खात असताना आपण भिंतीला टेकून उभं राहायचं. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं खायचं नसतं म्हणे! सातव्या वेळी मी बाबांना स्पष्ट सांगितलं, "आता बघण्याचा कार्यक्रम उमाशंकरच्या हॉटेलात. मी बसणार आणि जेवणार. चालत असेल तर बोलवा त्यांना."

बाबांनी कपाळाला हात लावला, पण बोलावलं.

उमाशंकर मूळचा धरमपुरीचा. बारा वर्षं बोटीवर स्वयंपाकी होता. सिंगापूर, बँकॉक सगळं पालथं घालून आला आणि इथे देवासात सहा टेबलांचं हॉटेल टाकलं. आई गेल्यापासून दर शनिवारी मी आणि बाबा तिथेच जेवतो. त्याच्या सुपात नारळाचं दूध, आलं आणि आपला साधा गवती चहा. माळव्याच्याच सोयाबीनचं पनीर वाफवून, वर थोडे भाजलेले तीळ. पहिल्या घासाला वाटतं, यात काहीच नाही. तिसऱ्या घासाला माणूस बोलायचा थांबतो.

२००३ सालच्या जानेवारीतला रविवार होता. धारहून जगदेवराव आले, मुलाला, शंतनूला घेऊन. शंतनूशी मी फोनवर तीनदा बोलले होते. खरं सांगते, मला तो आवडला होता. चांगलाच! "मलाही फिकं जेवण आवडतं, फक्त घरी सांगत नाही," असं म्हणाला होता, आणि मी दिवसभर येडीसारखी हसत होते. बाबा तर निघताना देवापुढे दोनदा उभे राहिले.

सूप आलं. जगदेवरावांनी एक चमचा घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"अरे भिया, ये क्या बीमारों का खाना है?" ते उमाशंकरवर ओरडले, आणि जाकिटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. लौंगवाली शेव, लवंग घातलेली, झणझणीत! आता माळव्यात शेव कशावरही घालतात, पोह्यांवर मीही मूठभर घालते. पण यांनी आधी स्वतःच्या वाटीत ओतली, मग न विचारता बाबांच्या. बाबा कसनुसं हसून "वा, वा" म्हणाले. बाबांचं हे नेहमीचंच, कुणाला नाही म्हणायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं. मग शंतनूची पाळी. त्यानं स्वतःहून वाटी पुढे केली. वर बघितलंसुद्धा नाही.

पुडी माझ्याकडे वळली. मी वाटीवर हात धरला. "माझ्या वाटीत शेव नको."

"आमच्याकडे सगळे खातात, बेटा."

"खाऊ देत की. मला नको."

"अगं, वडीलधारं माणूस प्रेमानं वाढतंय."

"मग आधी विचारा ना, काका."

त्यांनी तरीही पुडी उपडी केली. शेव माझ्या हातावर पडली. मी हात हलवला नाही. शंतनूकडे बघितलं. 'बाबा, राहू द्या,' एवढं म्हटलं असतं तरी मी उरलेला जन्म शेव खाल्ली असती! तो आपला चमच्यानं सूप ढवळत बसला होता. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर राग आला.

जगदेवराव खुर्ची सरकवून उठले. "नारायणराव, पोरीला समजवा. माफी मागत असेल तर बसतो, नाहीतर हे आम्ही निघालो."

मी बाबांकडे बघितलंच नाही. सहा नकार पचवलेला माणूस. 'माग बाळ, एवढ्याशानं काय होतंय,' असंच म्हणणार, ठाऊक होतं मला. तरी माझा हात वाटीवरच होता.

बाबांनी आपली वाटी बाजूला सारली. "उमाशंकर, मेरे लिए दूसरा सूप लाना. बिना सेव का." मग उभे राहून त्यांनी जगदेवरावांना हात जोडले.

"सांभाळून जा. बस-स्टँडपर्यंत सोडायला आलो असतो, पण तिचं जेवण व्हायचंय अजून."