सगळेच अत्यावश्यक

नवऱ्याने घरातल्या नेटला शिस्त लावली, तेव्हाच सूनबाईंच्या कपाळावर आठी पडली होती. ऑफिसातही तो हेच करायचा. त्याने बसवलेली वायफायची पेटी प्रत्येक यंत्राला विचारायची, किती वेग हवा? मग गर्दी बघून घासाघीस: एवढा नाही जमत, इतक्यात भागेल का? त्यासाठी आपलं काम 'साधं', 'मध्यम' की 'अत्यावश्यक', ते आधी प्रत्येकाने लिहून द्यायचं.

सासऱ्यांनी बुद्धिबळ अत्यावश्यक लिहिलं, सासूबाईंनी मालिका, दिराने गेम. सूनबाईंनी मेलपुरतं 'मध्यम' लिहिलं. अख्ख्या घरात खरं लिहिणाऱ्या त्या एकट्याच.

आज अकराला त्यांची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती, सात वर्षांनंतरची पहिली.

"अहो, माझं तेवढं बदलून द्या ना."

"अगं, आपोआप होतं सगळं. तुझा लॅपटॉप मागेल, पेटी देईल," म्हणत नवरा आपल्या मीटिंगला बसला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी मुलाखत घेणाऱ्या बाई पडद्यावर तोंड उघडं ठेवूनच थिजल्या. पेटीची पाटी आली: चित्र धूसर केलं तर चालेल? सूनबाईंनी 'चालेल' दाबलं. चित्र बंद, नुसता आवाज चालेल? चालेल. आवाज थोडा तुटक चालेल?

बोट तिथेच थांबलं. सात वर्षं या घरात त्या दुसरं काय म्हणत होत्या?

त्यांनी 'नाही' दाबलं. पेटीने सरळ जोडणीच तोडली.

"सासूबाई, दहा मिनिटं बंद करा हो!"

"अगं, आत्ताच तर खरा खुनी कळतोय!"

दिराने कानावरचे हेडफोन काढलेसुद्धा नाहीत.

सूनबाई लॅपटॉप घेऊन तरातरा पॅसेजमध्ये गेल्या. पेटीतून एकच पिवळी वायर निघत होती, थेट नवऱ्याच्या टेबलाकडे. वायरवाल्याला घासाघीस लागू नव्हती. हा नियम नवरोबांनी स्वतःच केलेला. सूनबाईंनी ती उपटली, पेटीशेजारची दुसरी वायर तिथे खोचून आपल्या लॅपटॉपला जोडली आणि चपलांच्या शेजारी फतकल मारली.

"अगं, माझी मीटिंग गेली!"

"वायफायवर या. मागा, पेटी देईल."

पडद्यावर बाई लख्ख दिसू लागल्या. घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "आता चारच मिनिटं उरलीत. चालेल ना?"

"चा..." सूनबाईंनी जीभ चावली. "नाही चालणार, मॅडम. मला वीस हवीत."

बाईंनी चष्मा काढला, वही चाळली. "पंधरा?"

"वीस."