तोंड जुळलं, शेपूट जुळेना

मी बोलतोय. मी म्हणजे ट्रॉम्बोनचं तोंड. वाजवणारा ओठ टेकतो ती पितळेची वाटी आणि खाली बाजात बसणारी बारीक शेपटी, एवढाच माझा पसारा. बँडमधली मंडळी मला माउथपीस म्हणतात.

लेथवर गरगर फिरवून मला कोरलं, वर चांदीचं पाणी दिलं. तेव्हापासून मी एकाच माणसाच्या ओठाशी आहे. बँडमधले सगळे त्यांना काका म्हणतात. थंडीत काका आधी मला मुठीत धरून ऊब देतात, मगच ओठाला लावतात. गार पितळ चावतं ना!

मागं काकांचा खांदा धरला. ट्रॉम्बोनची नळी पुढं-मागं सरकवता येईना. बँडमास्तर म्हणाले, "काका, आता आराम करा." काकांचा चेहरा एवढासा झाला. तो बघून मास्तरच म्हणाले, "युफोनियमची जागा रिकामी आहे. मांडीवर घ्यायचं, बटणं दाबायची. पुढच्या तालमीत जमलं तर राहा."

तरुणपणी काकांनी ते जाडजूड पितळी वाद्य वाजवलं होतं, बोटांना आठवत होतं. पण त्याचं तोंड पडलं मोठं. म्हाताऱ्या ओठांना ते पेलेना, सूर फाटायचा.

"मला माझंच तोंड पाहिजे," काका म्हणाले.

"घ्या की," काकू आतून म्हणाल्या. "दात तेवढे आधीच गेलेत!"

मग मला युफोनियमला लावलं. त्याचं भोक रुंद, माझी शेपटी बारीक. थोरल्या भावाच्या चपलेत पाय घातल्यासारखा मी आपला लटलटतोय. काकूंनी नळाला गुंडाळायची पांढरी टेप आणली. गळती थांबली खरी, पण टेप कधी जास्त, कधी कमी. आज मी खोल बसे, उद्या वर. सूर रोज निराळा. शेवटी काकांनी टेप काढून मला ठोकून बसवायला हातोडीच उचलली.

"अहो, वेडे की काय! वाकडा झाला तर ना इकडचा राहील ना तिकडचा," म्हणत काकूंनी मला ओढून घेतलं आणि दोघं बाजे दुरुस्त करणाऱ्याकडं गेली.

त्यानं मला बोटांत फिरवलं. "काका, याचं तोंड तुमच्याशी जुळतं, शेपूट बाजाशी जुळत नाही. काही सोयरिकी अशाच असतात." त्यानं माझ्या शेपटीवर पितळेची पातळ नळी चढवली, आतून माझ्या मापाची, बाहेरून युफोनियमच्या. मी गप्प बसलो, अगदी घट्ट.

तालमीला मास्तर पाठमोरे उभे होते. काकांनी फुंक घातली. मास्तर न वळताच ओरडले, "ट्रॉम्बोन कोण वाजवतंय रे?" मग वळून पाहिलं. "चालू द्या, काका."

काका राहिले. मीही राहिलो. कपाटातला ट्रॉम्बोन मात्र आता बिनतोंडाचा पडलाय. काका त्याची पेटी पुसतात, उघडत नाहीत. तुमच्यातल्या कुणाला तो हवा असेल तर न्या, बाबांनो. त्याला तोंड आणताना आधी शेपूट लावून बघा, ठोकू नका. आणि थंडीत वाजवण्याआधी ते जरा मुठीत धरा.