आडोशामागचा फासा

मित्रांनो, पुठ्ठ्याच्या तीन फळ्या कापडी पट्टीने जोडल्या की माझ्यासारखा आडोसा तयार होतो. मी आता जुना झालो आहे. कडा मऊ पडल्या आहेत आणि एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे. पण मी अजून ताठ उभा राहतो आणि स्वतःची हकीकत सांगण्याइतका दम माझ्यात नक्कीच आहे.

मला घडवले ताईने. ती पुस्तकांची बांधणी करते. जाडजूड ग्रंथांच्या पुठ्ठ्यांतून उरलेले तुकडे तिने बेतले, त्यांना लेई लावली आणि वजनाखाली दाबून वाळवले. बाहेरच्या बाजूवर किल्ला आणि राक्षस रंगवला. आतली बाजू मात्र नियम चिकटवण्यासाठी कोरी ठेवली.

आमचा खेळ गोष्टीचा. ताई गोष्ट सांगायची आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसे व्हायचे, कोणी योद्धा तर कोणी जादूगार. काय साधले आणि काय फसले ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. शत्रूचे दान ताई माझ्या आड टाकायची, म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे ते कोणाला आधी कळू नये.

दुकानामागच्या खोलीत दर रविवारी चौघे जमत. ताई, तिचा वायरमन असलेला धाकटा भाऊ, दवाखान्यातल्या कंपाउंडरबाई आणि वरच्या मजल्यावरचे मास्तर. अडचण एवढीच होती की तिघे तीन निरनिराळे खेळ खेळून आले होते आणि प्रत्येकाला आपल्याच खेळाचे नियम हवे होते. ताईला कोणालाही गमवायचे नव्हते, धाकट्याला तर मुळीच नाही. आईवडील गेल्यापासून बहीणभावाचे येणेजाणे कमी होत होत या रविवारापुरते उरले होते. खेळ मोडला असता तर तेही संपले असते. म्हणून तिने मनाशी पक्के केले, तिन्ही खेळांचा मिळून एकच खेळ करायचा.

पहिला प्रयत्न सपशेल फसला. तिने लढाई धाकट्याच्या खेळातून घेतली; तिथे आकडा जितका मोठा तितका चांगला. चढणे आणि पोहणे मास्तरांच्या खेळातून घेतले. तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. धाकट्याचा योद्धा तटावर चढता चढताच तलवार चालवायला गेला, दोन्हींसाठी एकच फासा टाकला आणि त्यावर वीस आले. धाकटा आनंदाने उठून उभाच राहिला.

"अरे, पडलास तू," मास्तर म्हणाले. "थेट खंदकात."

"वीस आल्यावर कोणी पडतं का?"

"माझ्या खेळात पडतं."

"मग तुमच्या खेळात तुम्हीच पडा," असे म्हणून धाकट्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला.

दुसऱ्या कोणी हात टेकले असते. ताईने ओल्या फडक्याने माझ्या पोटावरचे सगळे कागद भिजवले आणि बोथट सुरीने खरवडून काढले. कातडी सोलल्यासारखे दुखले, पण मी हूं की चूं केले नाही. मग ती एकेकाला भेटली. तुमच्या खेळातला कोणता नियम गेला तर तुमची मजाच जाईल, तेवढे सांगा, असे तिने विचारले. "जखम एका रात्रीत बरी झाली तर भीती कसली? घाव हळूहळूच भरला पाहिजे," मास्तर म्हणाले. कंपाउंडरबाईंना शत्रूशी बोलता यायला हवे होते. मनापासून बोलले तर फासा न टाकताही त्याने ऐकावे. धाकटा फोनच उचलेना, म्हणून ताई तो काम करत होता तिथे जाऊन त्याच्या शिडीखाली उभी राहिली.

"वीस आलं की दुप्पट घाव," तो वरूनच म्हणाला. "एवढं ठेवणार असशील तर येतो."

तिन्ही नियम माझ्या पोटावर चिकटले. मोठा आकडा चांगला, हे सगळ्यांसाठी ठरले. मास्तरांनी कुरकुरत का होईना, मान डोलावली.

खेळ रंगला. पण एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. धाकट्याच्या जिवावर बेतणारे दान आले की ताई ते माझ्या आड गिळायची आणि "वार चुकला" म्हणायची. तो पुन्हा रुसून जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. मला ते पटत नव्हते, पण झाकणे हेच माझे काम, म्हणून मी झाकत राहिलो.

मग पुलावरची लढाई आली. धाकट्याचा योद्धा आधीच घायाळ होता आणि राक्षसासमोर एकटा उभा होता. ताईने राक्षसाचे दान टाकले. वीस. नुसत्या धाकट्याच्या खेळात त्याची जखम आदल्या रात्रीच भरली असती. नुसत्या मास्तरांच्या खेळात घाव दुप्पट झाला नसता. दोन्ही नियम एकत्र आले होते आणि त्यात योद्धा वाचत नव्हता. ताईने नेहमीचे उत्तर द्यायला तोंड उघडले.

"ताई, खरं सांग," धाकटा म्हणाला. "तू माझ्यासाठी आकडे फिरवतेस ना?"

तिने नजर माझ्या पोटावरच्या नियमांकडे वळवली.

"मी काय लहान आहे आता? असं वाचवणार असशील तर मी इथे येतो कशाला?"

ताईने मला दोन्ही हातांनी धरले आणि टेबलावर आडवे केले. फासा सगळ्यांसमोर उघडा पडला. धाकटा त्या विसाकडे बघत राहिला. आता हा चपला घालणार, या भीतीने माझा धीर सुटला.

"नियम माझाच," तो शेवटी म्हणाला, "आणि मास्तरांचा. गेलो की मी."

तेव्हा कंपाउंडरबाई राक्षसाशी, म्हणजे ताईशी, बोलू लागल्या. "तू जिंकलास. पूल तुझा. आमच्या माणसाला तेवढं उचलून नेऊ दे."

राक्षसाला नाही म्हणवले नाही. मास्तर विनाकारण चष्मा पुसत बसले होते. तिन्ही खेळ त्या घटकेला खरोखर एक झाले. धाकट्याने एक कोरा कागद पुढे ओढला.

"आता मी जादूगार होणार," तो म्हणाला. "मला त्यातलं काही येत नाही. ताई, रविवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्या कामावरून सुटलो की येऊ का घरी?"

"ये," ताई म्हणाली. "जेवूनच जा."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा आडोसा असेल तर त्याला ओलाव्यापासून जपा आणि कडा दुमडू देऊ नका. पण ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्यासमोर तो कधी खाली ठेवायचा, हेही शिकून घ्या. आमच्याकडे आता जिवावरचे प्रत्येक दान मला आडवे करून माझ्यावरच टाकतात. मी ते झेलतो, आणि आकडा कितीही वाईट आला तरी तो झाकावा असे मला वाटत नाही.