थोडा त्रास होईल हं

आयसीयूत मला सगळे रेडिओ म्हणतात. तोंडावर म्हणतात, पाठीमागेही म्हणतात, आणि मला त्याचं काही वाटत नाही. बावीस वर्षं मी बेशुद्ध माणसांशी बोलत आलेय. कूस बदलायची तर सांगून बदलते, सुई टोचायची तर सांगून टोचते. बाहेर ऊन किती आहे, भेटायला कोण आलंय, कॅन्टीनचा चहा आज कसा पांचट झालाय, सगळं सांगते. बेशुद्ध माणसाला ऐकू येतं की नाही हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही, मग तोंड मिटून त्याच्या अंगाला हात लावणं मला उद्धटपणा वाटतो. नव्या मुलींनाही मी हेच शिकवलं. ज्या शिकल्या नाहीत त्यांना फैलावर घेतलं.

त्यामुळे अवयवदान समन्वयाच्या प्रशिक्षणाला मेट्रननी माझं नाव दिलं तेव्हा मी मनातून फुगले होते. नातेवाइकांशी बोलणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. तीन दिवस कशाला हवेत, असं मी घरी बोलूनही दाखवलं.

शिकवणाऱ्या मॅडम चणीने लहान आणि आवाजाने त्याहून लहान. वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. ज्याचा मेंदू मृत झालाय आणि यंत्रामुळे हृदय तेवढं चालू आहे, अशा माणसाच्या घरच्यांशी बोलायचं. ते हो म्हणाले तर कुठला अवयव कुणाला, कधी, कुठल्या गाडीने जाणार हे जुळवायचं. नाही म्हणाले तर त्यांना चहा पाजून गाडीपर्यंत सोडायला जायचं. "दोन्ही सारख्याच मायेने करायचं," त्या म्हणाल्या. पहिला दिवस आकृत्या आणि कायद्यात गेला. माझ्या शेजारचा तरुण डॉक्टर मॅडम खोकल्या तरी वहीत लिहून घेत होता. मी जांभया दाबत होते.

दुसऱ्या दिवशी सराव होता. एका खोलीत खाट, खाटेवर रबरी पुतळा, आणि त्याला लावलेला खराखुरा व्हेंटिलेटर. पुतळ्याची छाती वरखाली होत होती. नातेवाइकाचं काम करायला कॅन्टीन चालवणारे काका आले होते. बारा वर्षं प्रत्येक तुकडीसमोर तेच रडत आले होते. आतापर्यंत त्यांचे भाऊ, बायका, मेहुणे मिळून सत्तरएक माणसं गेली असतील, आणि दर वेळी डोळ्यांत खरं पाणी यायचं म्हणे.

"मृत्यू झालाय," मॅडमनी मला सांगितलं. "दोन्ही तपासण्या झाल्या, वेळ कागदावर लिहिली, डॉक्टरांनी भावाला सांगितलं. भाऊ इथे उभा आहे. तुम्ही फक्त रोजचं काम करा. घशातली नळी साफ करा."

मी हातमोजे चढवले आणि पुतळ्यावर वाकले. "थोडा त्रास होईल हं, राजा," म्हटलं आणि सक्शन सुरू केलं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्रास कुणाला होईल?"

मी हसले. "सवय आहे हो."

"सवय चांगलीच आहे. पण मघाशी तुम्ही लोकांनीच या भावाला सांगितलंत की माणूस मेलाय. छाती हलतेय ती यंत्राने, अंग गरम आहे ते रक्त फिरतंय म्हणून. स्वतःच्या डोळ्यांवर नको, आमच्यावर विश्वास ठेव, असंच ना? आणि आता तुम्हीच त्याला त्रास होईल म्हणताय. याने कोणतं खरं धरायचं?"

कॅन्टीनवाले काका भूमिकेतच होते. "मला वाटलं, त्याला ऐकू येतंय," ते हळूच म्हणाले.

मला संताप आला. बावीस वर्षांच्या कामाची कुणीतरी चार लोकांत मापं काढतंय असं वाटलं. हातमोजे भिरकावून मी बाहेर गेले आणि नळाखाली हात धरून उभी राहिले. तिथेच मला ती बाई आठवली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तिने नवऱ्याच्या अवयवदानाला हो म्हटलं होतं. कागद समोर आला आणि तिने पेन खाली ठेवलं. "त्यांना दुखेल," म्हणाली. आम्ही चौघांनी समजावलं, ती फक्त मान हलवत राहिली. लोकांना कितीही समजवा, डोक्यात शिरत नाही, असं म्हणून मी तो किस्सा पुढे किती वेळा सांगितला असेल. कागद यायच्या अर्धा तास आधी तिच्यासमोर त्याची नळी मीच साफ केली होती. तेव्हा काय म्हटलं असेन हे वेगळं आठवायची गरजच नव्हती. तिने नाही म्हटलं याचं दुःख नाही, तो तिचा अधिकार होता. पण नंतर यंत्र बंद झालं. माझ्या एका वाक्यामुळे ती बाई घरी काय समजून गेली असेल? आपल्या जिवंत नवऱ्याचं यंत्र आपण बंद करू दिलं, असं? मी नळ बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

मॅडम पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. मी सगळं सांगितलं. त्या शेजारी फरशीवरच बसल्या. "मी एका आईसमोर तिच्या गेलेल्या मुलाला गुड मॉर्निंग म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "पाणी प्या. अजून दीड दिवस शिकायचंय."

त्या दीड दिवसात मी एकही जांभई दिली नाही.

तीन आठवड्यांनी आमच्याकडे एक मुलगी आली. सव्वीस वर्षांची, लहान मुलांना पोहायला शिकवणारी. तलावाच्या ओल्या फरशीवर पाय घसरला आणि डोकं पायरीवर आपटलं, एवढंच झालं होतं. सोबत वडील. ते शिंपी होते, आणि घरात ही दोघंच. आल्या आल्या त्यांनी मुलीच्या अंगावरचा हॉस्पिटलचा गाऊन दोन बोटांत धरून पाहिला आणि विचारलं, "हा कुणी शिवलाय? बगलेत कापड कमी पडलंय." घाबरलेली माणसं कशाला तरी धरून बसतात. मी म्हटलं, "काका, तुम्हाला ऑर्डर देऊया." त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं.

पहिले दोन दिवस मी तिच्याशी भरपूर बोलले. तेव्हा ती होती. काका तिला मासोळी म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. मासोळी, आता कूस बदलते. मासोळी, तुझ्या वर्गातल्या पोरांनी चित्रं पाठवलीयत, सगळ्यांत तुझे पाय फार मोठे आलेत. मासोळी, चहा आजही पांचट. काका स्टुलावर बसून हे सगळं लक्ष देऊन ऐकत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे उजेडाला दाद देईनात. डॉक्टरांनी पहिली तपासणी केली, सहा तासांनी दुसरी करायची होती. मॅडमनी शिकवलं होतं, घरच्यांना बघायचं असेल तर बघू द्या, पण काय दिसेल ते आधी सांगा. मी काकांना सांगितलं. यंत्र काढतील. बारीक नळीने ऑक्सिजन चालू राहील, त्यामुळे शरीराला अपाय होणार नाही. मग दहा मिनिटं फक्त बघायचं, ती आपणहून श्वास घेते का. मेंदूत जरा जरी जीव असला तर श्वास घेतल्यावाचून राहवत नाही. एक श्वास जरी आला तरी तपासणी तिथेच थांबते.

"दहा मिनिटं," काका म्हणाले. "तिचा दम तीन मिनिटं दहा सेकंदांचा आहे. पाण्याखाली. मी काठावर बसून मोजायचो."

दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी यंत्र काढलं. तीन दिवस चाललेला तो फुसफुस आवाज थांबला आणि खोली एकदम मोठी वाटू लागली. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. छातीवर चादरीची एक चुणी पडली होती, तिच्यावर त्यांनी नजर लावली. आयुष्यभर कापड बघितलेला माणूस. एक सूत जरी हललं असतं तरी आमच्या आधी त्यांना कळलं असतं.

पहिली तीन मिनिटं ते शांत होते. मी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते, म्हणून खात्रीने सांगते, त्यांना भीती वाटत नव्हती. ही वेळ त्यांच्या ओळखीची होती. तीन मिनिटं दहा सेकंदांना ते जरासे पुढे वाकले. चौथं मिनिट गेलं. "वर ये," ते इतक्या हळू म्हणाले की ओठच हलले. पाचवं गेलं, सहावं गेलं. पडद्यावर तिच्या हृदयाची रेघ ठोके देत धावत होती आणि चुणी जागची हलत नव्हती. ही तपासणी मी कितीदा पाहिलीय. दर वेळी माझं लक्ष कागदाकडे असायचं, घड्याळाकडे असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की मी कशासमोर उभी आहे. हात जोडावेत की पळून जावं, समजेना. आठव्या मिनिटाला काका मागे सरून ताठ बसले. दहाव्याला डॉक्टरांनी रक्ताचा नमुना घेतला आणि यंत्र परत लावलं. छाती लगेच वर आली. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

रक्ताच्या अहवालानेही तेच सांगितलं. मृत्यूची वेळ लिहिली गेली, दोन वाजून बावीस मिनिटं.

त्यानंतर तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे होते, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून. काका पायथ्याशी उभे होते. मी वाकले, सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. उजव्या डोळ्यात थेंब घातला. डाव्या डोळ्यात घातला. मी तिचा अपमान करतेय असं वाटत होतं, आणि काका बघत होते.

मग बोलायच्या खोलीत काकांना आणि मला बसवून डॉक्टरांनी मृत्यू हाच शब्द वापरून सगळं सांगितलं आणि ते गेले. आता मी उरले. मॅडमचा नियम होता, पहिली गोष्ट पोचल्याशिवाय दुसरी काढायची नाही. पोचली हे ओळखायचं कसं, असं मी विचारलं होतं. तेच सांगतात, त्या म्हणाल्या होत्या. मी गप्प बसले. मला ते किती जड जातं हे माझ्या नवऱ्याला विचारा.

काका बाहीवरचा एक दोरा काढत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सिस्टर, काल तुम्ही तिला चहा पांचट असल्याचंसुद्धा सांगितलंत."

"हो काका."

"आज डोळ्यांत थेंब घातलेत, तेव्हा गप्प होतात."

"हो."

"दोन्ही डोळ्यांच्या वेळी." त्यांनी तो दोरा खिशात ठेवला. "डॉक्टर बोलले ते कानावर पडलं. मला कळलं ते त्या थेंबांच्या वेळीच."

मी रडले. रडू नये असं कुठल्याही प्रशिक्षणात सांगितलेलं नाही, आणि असतं तरी रडले असते. मग डोळे पुसून मी अवयवदानाचं बोलले. हो म्हणा, नाही म्हणा, मी इथेच आहे, हेही सांगितलं. तिने काय म्हटलं असतं, असं विचारलं.

"तिने विचारलं असतं, अजून सही न करता का बसलात म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "फुप्फुसंसुद्धा देता येतात?"

"तपासून. चांगली असली तर."

"चांगली आहेत. तीन मिनिटं दहा सेकंदांची आहेत. ज्याला द्याल त्याला सांगा."

त्यांनी सही केली, सावकाश, रेघ न सोडता. मग म्हणाले, "एक मागणं आहे. तिला ऑपरेशनला नेताना तुम्ही बोलाल का तिच्याशी?"

मी मॅडमचा आवाज डोक्यात ऐकला आणि खरं तेच सांगितलं. "काका, तिला ऐकू येणार नाही."

"ते कळलंय हो मला," काका म्हणाले. "मला ऐकू येईल."

मॅडमना फोनवर धरून मी बाकीची जुळणी केली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुठे कुठे फोन वाजले. मी कधीही न पाहिलेल्या पाच घरांत माणसं घाईघाईने पिशव्या भरत होती, आणि ज्यांच्यामुळे हे चाललं होतं ते गृहस्थ आमच्या बाकावर बसून कागदी पेल्यातून तोच पांचट चहा पीत होते. मी दोनदा फोन खाली ठेवून त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. एवढं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दहा वाजता खाट हलवली. काका एका बाजूला, कठड्यावर हात ठेवून. मी दुसऱ्या बाजूला, आणि माझं तोंड सुरू. मासोळी, चादर नीट करते. आता वळण आहे. बाहेर ऊन आहे. पोरांची चित्रं काकांच्या पिशवीत ठेवलीयत, चुरगळली नाहीत. लिफ्टचा उंबरा आलाय. त्रासाचं ते वाक्य तेवढं मी म्हटलं नाही. काका मान खाली घालून चालत होते, शब्द न शब्द ऐकत होते.

ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी जमिनीवर लाल पट्टा आहे. त्यापुढे घरच्यांना जाता येत नाही. खाट थांबली. काकांचा हात कठड्यावरून निघेना, आणि हात काढा असं त्यांना म्हणायला माझी जीभ रेटेना.

"मासोळी," मी म्हटलं, "बाबा इथपर्यंतच येतायत."

काकांनी मान हलवली, चादरीची चुणी सारखी केली आणि हात काढून घेतला.